देवळाखालची वाट

इंदूरहून सायंकाळी सुटणारी अवंतिका एक्सप्रेस रात्रभर धावून सकाळी मुंबई सेंट्रलला येऊन थांबते. उदयनगरहून इंदूर गाठायचे म्हणजेच आधी विंध्याच्या चढउतारांचा रस्ता ओलांडावा लागतो. त्यामुळे मुंबई हे आम्हा माळव्यातील मराठी माणसांना अजूनही ठरवून, सामान बांधून जाण्याचे गाव राहिले आहे. या खेपेस मात्र स्टेशनाबाहेर पडल्यावर टॅक्सीच्या रांगेत न उभा राहता मी जिना उतरून सरळ जमिनीखाली गेलो. खाली थंड, उजळ, प्रशस्त असे दालन होते. समोरच्या पाटीवर स्थानकाचे नाव वाचले आणि क्षणभर थबकलो. नाव होते जगन्नाथ शंकरशेठ.

मुंबईची ही भुयारी रेल्वे तीन टप्प्यांत खुली झाली. आरे ते वांद्रे-कुर्ला संकुल हा पहिला तुकडा ऑक्टोबर २०२४ मध्ये, तेथून वरळीच्या आचार्य अत्रे चौकापर्यंतचा दुसरा मे २०२५ मध्ये, आणि तेथून कफ परेडपर्यंतचा शेवटचा ऑक्टोबर २०२५ मध्ये. एकूण लांबी साडेतेहतीस किलोमीटर, स्थानके २७. त्यांपैकी आरेचे एकच जमिनीवर, बाकीची २६ पोटात. तिकीट १० रुपयांपासून ७० रुपयांपर्यंत. खर्च सदतीस हजार कोटींच्या घरात गेला आणि त्यातील मोठा भाग जपानकडून कर्जाऊ आला. हे आकडे वृत्तपत्रांत सर्वांनी वाचलेलेच आहेत. माझे कुतूहल वेगळे होते. एवढ्या जुन्या, एवढ्या देवळांच्या गावाच्या खालून वाट काढताना वरच्या देवांचे काय झाले, आणि वरच्या माणसांचे काय झाले, हे मला पाहावयाचे होते.

नाना शंकरशेठांचे नाव या वाटेवर असणे हे मात्र योग्यच झाले. १८०३ साली जन्मलेल्या या दैवज्ञ गृहस्थाने १८४५ च्या सुमारास मुंबईत लोहमार्ग यावा म्हणून चाललेल्या खटपटीत पुढाकार घेतला आणि पुढे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेच्या पहिल्या संचालकांत त्यांचा समावेश झाला. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी सुटली. लंडनची जगातील पहिली भुयारी रेल्वे १० जानेवारी १८६३ ची; म्हणजे लंडनकर वाफेच्या इंजिनाच्या धुरात खोकत जमिनीखालून फिरू लागले, त्याआधी दहा वर्षे मुंबईकर उघड्या हवेत आगगाडीने ठाण्याला जात होते. परंतु नानांची मला अधिक आठवण झाली ती दुसऱ्याच कारणाने. सोनापूरची स्मशानभूमी गावाबाहेर, शिवडीकडे न्यावी असा सरकारी बेत झाला तेव्हा त्याविरुद्ध हिंदू समाजाच्या वतीने उभे राहिले ते नानाच. आगगाडीसाठी धडपडणारा तोच मनुष्य आपल्या पूर्वजांच्या दहनभूमीसाठी सरकारशी भांडला. नव्याचा स्वीकार आणि जुन्या भूमीचा आग्रह ही दोन्ही एका देहात सुखाने नांदू शकतात, ही गोष्ट पुष्कळ विद्वान विसरतात.

आम्हा माळव्यातील लोकांना या विषयात थोडी ऐट मिरवण्यासही जागा आहे. खांडवा ते इंदूर या लोहमार्गासाठी महाराजा तुकोजीराव होळकर (दुसरे) यांनी इंग्रज सरकारला एक कोटी रुपये कर्ज दिले होते. मुदत १०१ वर्षे आणि व्याज साडेचार टक्के. एका देशी संस्थानिकाने साहेबाला रेल्वेसाठी कर्ज द्यावे, हा व्यवहार वकिलाच्या नजरेस फार मनोहर दिसतो.

गिरगावात माझी आत्या राहते. वय ऐंशीच्या पुढे. घरात कोकणी, बाहेर मराठी, आणि देवाशी दोन्ही. आमचे घराणे मूळचे गोव्याकडील. एक शाखा शिंदे-होळकरांच्या काळी लेखणी घेऊन माळव्यात गेली, दुसरी मुंबईस राहिली. नवी गाडी सुरू झाल्यापासून आत्याच्या मनात एकदा तीतून सिद्धिविनायकाला जावयाचे होते. पण एकटीने जिना उतरण्याचा धीर होत नव्हता. मी आलो तसा तो प्रश्न सुटला. सरकता जिना टाळून आम्ही उद्वाहकाने खाली गेलो. मी म्हटले, ‘आत्या, आधी दक्षिणेच्या टोकापर्यंत जाऊन येऊ, मग प्रभादेवीला जाऊ.’ तिने पदर सावरून मान हलवली.

गाडी सुटली. खिडकीबाहेर काहीच नाही. काळोख आणि मध्येच एखादा दिवा. भुयारी प्रवासात पाहण्यासारखे काही नसते ही तक्रार जगभर आहे. परंतु आत्याने यावर आपल्यापुरता उपाय शोधून काढला. गाडीने जरासा वेग घेतला की ती छताकडे बोट दाखवून विचारी, ‘वयर आतां कोण आसा रे?’ वर आता कोण आहे! मी नकाशा आठवून सांगे, आणि ती हात जोडी. काळबादेवी आली, हात जोडले. मुंबादेवी त्याच बाजूला, पुन्हा हात जोडले. एका तरुणाने कानातले यंत्र काढून आमच्याकडे कौतुकाने पाहिले.

मुंबादेवीची हकिगत या संदर्भात आठवण्यासारखी आहे. ज्या देवीवरून या शहराला नाव मिळाले तिचे मूळ देऊळ आजच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या परिसरात, फाशी तलावापाशी होते. अठराव्या शतकात इंग्रजांनी किल्ल्याभोवतीची जागा मोकळी करण्यास घेतली तेव्हा देवीला तेथून उठून भुलेश्वराकडे यावे लागले. म्हणजे आज भुयारी गाडी ज्या स्थानकावर थांबते, त्याच्या आसपास कोठेतरी या नगराच्या अधिष्ठात्रीचे पहिले घर होते. ते गेले. देवी राहिली.

आपल्या समाजाला ही कथा नवी नाही. कुशस्थळीचा मंगेश आणि केळशीची शांतादुर्गा ही दैवते सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या धाकाने रातोरात नदी ओलांडून अंत्रूजच्या डोंगरात आली, प्रियोळास आणि कवळ्यास स्थिरावली. मूळ भूमी परक्यांच्या हाती राहिली आणि देवस्थान महाजनांच्या खांद्यावरून पुढे चालत गेले. ज्या समाजाने आपले देव असे उचलून नेले आहेत, त्याने ‘देव या मातीला चिकटलेला आहे’ असे म्हणावे का? आणि ज्या समाजाने त्या मूळ मातीची आठवण साडेचारशे वर्षे सोडलेली नाही, त्याने ‘माती म्हणजे केवळ माती’ असे तरी कसे म्हणावे? हा पेच मी गंमत म्हणून मांडत नाही. तो खरोखर न्यायालयात गेला. फक्त नेणारे आपण नव्हतो, पारशी बांधव होते.

प्रिन्सेस स्ट्रीटच्या परिसरात पारशांची दोन आतशबेहराम आहेत: वाडियाजींचे १८३० मधील आणि अंजुमनचे १८९७ मधील. संपूर्ण भारतात अशी सर्वोच्च श्रेणीची अग्निमंदिरे आठच, त्यांतील चार मुंबईत. भुयार या दोन मंदिरांच्या आवाराजवळून व काही भागाखालून जाणार असे दिसल्यावर २०१८ साली काही पारशी भाविकांनी मुंबई उच्च न्यायालयात धाव घेतली. इमारतींना हादरे बसतील, पवित्र विहिरींचे पाणी आटेल, हे मुद्दे तर होतेच. पण मुख्य मुद्दा श्रद्धेचा होता. प्रतिष्ठित अग्नीचा खालच्या भूमीशी अखंड संबंध असावा लागतो, मध्ये पोकळी आली की तो तुटतो, अशी त्यांची धारणा. काही महिने त्या टापूतील खोदाई न्यायालयाने थांबवून धरली. त्या वर्षीच्या नोव्हेंबरअखेर न्यायालयाने कामाचा मार्ग मोकळा केला. भुयार प्रत्यक्ष अग्निगृहाखालून जात नाही आणि तज्ज्ञांच्या मते इमारतींना धोका नाही, हे त्यात निर्णायक ठरले.

वकील या नात्याने मला हा निकाल समजतो. भाविक या नात्याने त्यातील एक गोष्ट मनात राहून जाते. न्यायालयापुढे प्रश्न होता तो असा: देवळाची जमीन खाली किती खोल जाते?

युरोपातील जुन्या कायदेपंडितांचे एक लॅटिन वचन आहे. त्याचा आशय असा की, ज्याची जमीन त्याचेच वरचे आकाश आणि त्याचेच खालचे पाताळ. आपल्या कानाला हे अगदी घरचे वाटते, कारण स्वर्ग, मृत्यू आणि पाताळ ही त्रिभुवनाची मांडणी आपण लहानपणापासून ऐकत आलो आहो. विमाने उडू लागली तेव्हा आकाशावरचा मालकी हक्क प्रथम गेला; आपल्या छपरावरून विमान गेले म्हणून कोणी अतिक्रमणाचा दावा लावीत नाही. पाताळाचा हक्क आगगाडीने घेतला. आपल्याकडे कोलकात्याच्या भुयारी रेल्वेनिमित्त १९७८ साली मेट्रो रेल्वे बांधकामाचा कायदा झाला. त्यात सरकारला संपूर्ण जमीनच घ्यावी लागते असे नाही. जमिनीचा वापर करण्याचा हक्क किंवा सुविधाधिकाराच्या स्वरूपाचा हक्क एवढाच घेण्याचीही सोय ठेवलेली आहे. म्हणजे घर तुमचे, अंगण तुमचे, तुळशीवृंदावन तुमचे. परंतु तुळशीच्या मुळांच्या बऱ्याच खाली एक वाट दुसऱ्याची. कोलकात्यात २४ ऑक्टोबर १९८४ रोजी देशातील पहिली भुयारी गाडी एस्प्लनेड ते भवानीपूर अशी अवघी ३.४ किलोमीटर धावली, तेव्हापासून हिंदुस्थानातील पाताळाचे असे विभाजन सुरू झाले.

येथे हिंदू देवस्थानांच्या कायद्यातील एक प्रसिद्ध निवाडा मला नेहमी आठवतो. कोलकात्यातील मल्लिक घराण्याच्या कुलदेवतेचा तो खटला; प्रिव्ही कौन्सिलने १९२५ साली त्याचा निर्णय दिला. पूजेची पाळी आलेल्या एका भावाला मूर्ती आपल्या घरी न्यावयाची होती, दुसऱ्यांचा त्यास विरोध होता. लंडनमध्ये बसलेल्या न्यायाधीशांनी सांगितले की, मूर्ती ही जंगम मालमत्ता नव्हे. कायद्याच्या दृष्टीने ती एक व्यक्ती आहे, आणि आपण कोठे राहावे याविषयी तिची इच्छा मानली पाहिजे. ती इच्छा तिच्या पालकाच्या मुखातून कळणार, म्हणून ज्याचा स्वतःचा काही स्वार्थ नाही असा मनुष्य देवतेच्या वतीने न्यायालयापुढे उभा करावा. विद्यार्थिदशेत हा निवाडा वाचताना आम्ही हसलो होतो. हिंदू देवाची इच्छा साहेब ठरवणार! आता वाटते, त्या निकालात एक मोठे शहाणपण आहे. देवाच्या नावाने बोलणाऱ्याचा स्वतःचा लाभ त्यात किती, हे आधी पाहावे, एवढेच त्यांनी सांगितले. आणि आपल्या बहुतेक देवस्थानांची भांडणे या एका कसोटीवर निकालात निघतील. महाजन मंडळींनी हे वाक्य मनावर घेऊ नये, किंवा घ्यावे.

भूमीखालून वाट काढताना श्रद्धास्थान वाचवण्याचा प्रश्न साहेबालाही स्वतःच्या गावी सुटला नव्हता. लंडनच्या बँक या स्थानकासाठी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सेंट मेरी वुल्नॉथ हे चर्चच पाडण्याचा बेत होता. लोकांनी ओरड केली. शेवटी चर्च वर तसेच ठेवून त्याखालचे तळघर रेल्वेने घेतले. तेथे पुरलेल्या मृतांचे अवशेष काढून इलफर्डच्या दफनभूमीत नेण्यात आले, आणि १९०० साली स्थानक उघडले. वर प्रार्थना, खाली तिकीटघर. आजही ते चर्च उभे आहे.

गाडी हुतात्मा चौकात आली तेव्हा आत्याने नेहमीप्रमाणे विचारले, ‘वयर कोण?’ मी म्हटले, ‘वर रामा कामाठी.’ तिने हात जोडले नाहीत; हा कोण देव, असे तिच्या चेहऱ्यावर दिसले. देव नव्हे, आपल्याच ज्ञातीचा एक पुरुष. वाळकेश्वराचे देऊळ १७१५ च्या सुमारास पुन्हा बांधले ते याने. फोर्टातील मोठा व्यापारी आणि इंग्रजांचा विश्वासू शेणवी. १७१८ च्या नाताळात सेंट थॉमस चर्च उघडले त्या समारंभास तो आपल्या ज्ञातिबांधवांसह बाहेर उभा राहून प्रार्थना ऐकत होता, असे त्या चर्चच्या पाद्र्यानेच लिहून ठेवले आहे. ज्या चर्चवरून चर्चगेट हे नाव पडले, तेच हे चर्च. हुतात्मा चौकापासून हाकेच्या अंतरावर आहे. आणि दोनच वर्षांनी, १७२० साली, कान्होजी आंग्र्यांशी गुप्त पत्रव्यवहार केल्याच्या आरोपावरून रामा कामाठीवर राजद्रोहाचा खटला भरला गेला. त्याच्या कारकुनाचा छळ करून कबुली काढली. शिक्षा जन्मठेपेची, मालमत्ता जप्त. १७२८ साली तो तुरुंगातच मरण पावला. ज्या पत्रांवर हा खटला उभा होता ती पत्रे बनावट होती, हे पुढे उघडकीस आले.

मुंबईच्या न्यायाच्या इतिहासातील या पहिल्या-पहिल्या खटल्यांपैकी एकात आरोपी आपला माणूस होता, आणि पुरावा खोटा होता. चर्चगेट हे नाव उरले, तो दरवाजा मात्र १८६० नंतर सर बार्टल फ्रिअर गव्हर्नर असताना तटबंदीबरोबर पाडला गेला. हुतात्मा चौकाला संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनातील हुतात्म्यांचे नाव मिळाले. रामा कामाठीसाठी एखादी पाटी असावी असे मला पुष्कळदा वाटते. खालच्या लखलखीत स्थानकात भिंतींना काही तोटा नाही.

कफ परेडला आम्ही बाहेर आलो, पुन्हा तिकीट काढले आणि परतीच्या गाडीत बसलो. गिरगाव पुन्हा मागे पडले. या दोन स्थानकांपाशी, काळबादेवी आणि गिरगाव येथे, रस्ते इतके अरुंद की वरून खड्डा खणून स्थानक बसवणे शक्यच नव्हते. फलाटांचा काही भाग बाजूच्या खोदाईने, कातळ पोखरूनच करावा लागला. तरीही जिने आणि हवेचे मार्ग यांना जागा लागली, आणि त्यासाठी शेकडो कुटुंबांना चाळी सोडाव्या लागल्या. त्याच जागी नव्या इमारतींत घरे देण्याचे त्यांना आश्वासन आहे. आत्याची चाळ या कामात गेलेली नाही. पण तिच्या ओळखीची काही घरे गेली. मी तिला विचारले, ‘त्यांनी देव कसे नेले?’ ती म्हणाली, ‘पितळी डब्यांत तांदूळ घालून. देवाक वाट दाखोवची पडना, आमकांच दाखोवची पडटा.’ देवाला वाट दाखवावी लागत नाही, आपल्यालाच दाखवावी लागते! मग जरा थांबून म्हणाली की, देवांचे झाले, पण शेजार डब्यात घालून नेता येत नाही.

माझ्या मते या साऱ्या प्रकरणातील खरा प्रश्न हाच आहे. अग्नीचा भूमीशी संबंध तुटतो की नाही, हे न्यायालयाला मोजता येत नाही. परंतु चाळीतील बिऱ्हाडांचा परस्परांशी असलेला संबंध तुटतो, तो तर दिसतोच. गिरगावात १८९३ पासून केशवजी नाईक चाळीत सार्वजनिक गणपती बसतो. तो उत्सव कोणा ट्रस्टच्या मालमत्तेवर उभा नाही. एका चौकाभोवती राहणाऱ्या माणसांवर उभा आहे. कायदा घराची किंमत करतो, चौकाची करीत नाही. नुकसानभरपाईच्या आमच्या कायद्यात जमिनीला, इमारतीला, झाडालासुद्धा रकाना आहे. शेजाराला नाही.

झाडांचा उल्लेख आला म्हणून आरेची गोष्ट सांगितलीच पाहिजे. या मार्गाचे कारशेड आरेच्या जंगलात करण्याविरुद्धच्या याचिका मुंबई उच्च न्यायालयाने ४ ऑक्टोबर २०१९ रोजी फेटाळल्या, आणि त्याच रात्री झाडे तोडण्यास सुरुवात झाली. ७ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने ‘जैसे थे’चा आदेश दिला तोपर्यंत दोन हजारांहून अधिक झाडे पडली होती. निकाल तुमच्या बाजूचा असेल. पण अपिलाची वाट उघडी असताना विवादाचा विषयच रात्रीत नाहीसा करणे हे मला व्यवसायबंधू म्हणून रुचत नाही. एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, परवानगीपेक्षा अधिक झाडांसाठी वृक्ष प्राधिकरणाकडे जाण्याच्या प्रयत्नाबद्दल, मेट्रो महामंडळास १० लाख रुपये भरण्यास सांगितले. आरेच्या पाड्यांवर राहणाऱ्या वारल्यांचा वाघोबा त्याच रानात आहे. त्याच्या देवळाला कळस नाही, ट्रस्ट नाही, म्हणून तो कोणाच्या याचिकेत फारसा ठळकपणे आला नाही. कोकणातील देवराया ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना यातले दुःख अधिक सांगावे लागू नये.

महालक्ष्मी स्थानक आले. येथे एक गंमत आहे. आगगाडीचे महालक्ष्मी स्थानक काय किंवा हे नवे काय, दोन्ही देवळापासून बरीच दूर आहेत. देऊळ समुद्रावर, स्थानके आत. तरी आत्याने दिशा विचारून घेऊन पश्चिमेकडे हात जोडले. महालक्ष्मीची कथा तर या लेखाच्या विषयाची पणजीच म्हणावी. गव्हर्नर हॉर्नबीच्या काळात वरळीच्या खाडीवर बांध घालण्याचे काम चालले होते आणि घातलेला बांध पुनःपुन्हा ढासळत होता. रामजी शिवजी या प्रभू ज्ञातीच्या स्थापत्यज्ञाच्या स्वप्नात देवी आली, मी समुद्रात पडले आहे, मला वर काढ, म्हणाली. मूर्ती सापडली, आणि मग बांध टिकला. ही आख्यायिका आहे, इतिहास नव्हे. परंतु १७८० नंतरच्या त्या काळी एवढे मोठे बांधकाम लोकांच्या मनात कसे बसले, ते तिच्यातून कळते. देवीची संमती मिळाल्यावाचून समुद्र हटत नाही, असे मजुरापासून सुभेदारापर्यंत सर्वांना वाटत होते. आजचे अभियंते मातीचे नमुने काढतात, इमारतींना कंपनमापक लावतात. तीही एक प्रकारे भूमीची संमती घेणेच होय. ती नीट घेतली नाही की काय होते, ते कोलकात्याने ३१ ऑगस्ट २०१९ रोजी पाहिले. बहूबाजारच्या सोनारांच्या वस्तीखाली खोदणारे यंत्र भूगर्भातील पाण्याच्या साठ्याला लागले, वरची जमीन खचली, घरे कोसळली, शेकडो माणसे अंगावरच्या कपड्यांनिशी बाहेर पडली. त्या यंत्राचे नाव होते चंडी.

मुंबईत भुयार खोदणाऱ्या १७ यंत्रांना महाराष्ट्रातील नद्यांची नावे दिली होती: गोदावरी, कृष्णा, वैतरणा. पालघरची वैतरणा खरी नदी आहे हे मला ठाऊक आहे; तथापि पाताळात शिरणाऱ्या यंत्राला हे नाव देणाऱ्याच्या मनात गरुडपुराणातली वैतरणी नव्हतीच, असे मी शपथेवर सांगणार नाही. धारावी आणि वांद्रे-कुर्ला संकुल यांच्या दरम्यान तर हा मार्ग मिठी नदीच्या तळाखालून जातो. इतके सारे निभावले; मात्र वरच्या पाण्यापुढे एकदा हार पत्करावी लागली. मे २०२५ च्या अखेरीस, दुसरा टप्पा उघडून पंधरवडा उलटतो न उलटतो तोच, अवकाळी मुसळधार पावसाचे पाणी आचार्य अत्रे चौक स्थानकात शिरले आणि तेथील सेवा बंद ठेवावी लागली. आचार्य अत्रे असते तर त्यावर एक अग्रलेख खासच झाला असता.

हे यंत्र ज्या दगडातून गेले तो दगड आमच्या ओळखीचा आहे. मुंबई आणि माळवा या दोहोंच्या खाली एकच काळा पाषाण पसरलेला आहे; सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. उदयनगरच्या बाजूला कावडिया पहाड आहे. कोणी कापून रचून ठेवावेत असे पैलूदार दगडी खांब तेथे ढिगाने पडलेले आहेत. दुसऱ्या दगडाने वाजवले तर काही खांब धातूसारखे नाद देतात. गावोगावचे लोक त्यांचा संबंध भीमाशी लावतात. अंधेरीच्या गिल्बर्ट हिलला तसेच उभे खांब आहेत, आणि त्याच्या माथ्यावर गावदेवीचे देऊळ आहे. लहानपणी कावडियाचे दगड वाजवणाऱ्या मला मुंबईच्या पोटातून जाताना परक्या मुलखात आल्यासारखे वाटले नाही, त्याचे कारण बहुधा हेच असावे.

आणि हा प्रश्न आता आमच्याही दारी आला आहे. इंदूरची मेट्रो ३१ मे २०२५ रोजी, देवी अहिल्याबाईंच्या त्रिशताब्दी जयंतीच्या दिवशी, पाच स्थानकांपुरती सुरू झाली. तो भाग उंच खांबांवरून जातो. परंतु राजवाड्याकडील जुन्या शहरातून मार्ग जमिनीखालून न्यावा असे नियोजन आहे, आणि त्यावर व्यापारी, रहिवासी व जुन्या वास्तूंची काळजी वाहणारे यांच्यात वाद झडत आले आहेत. राजवाडा, कृष्णपुऱ्याच्या छत्र्या, होळकरांच्या काळची देवळे, सराफ्याच्या गल्ल्या: काळबादेवीहून हे चित्र फार निराळे नाही. काशीपासून रामेश्वरापर्यंत देवळे आणि घाट बांधणाऱ्या बाईंच्या गावी, त्यांच्याच जयंतीला उघडलेली गाडी देवळांखालून कशी न्यावी, हे ठरवताना मुंबईचे कागद उघडून पाहावेत. कंपनमापक कोठे लावले हे तर पाहावेच. कोणत्या चाळीतली माणसे कोठे गेली, किती परतली, तेही पाहावे.

सिद्धिविनायक स्थानकाला उतरून आम्ही वर आलो. मंगळवार नव्हता, रांग बेताची होती. १८०१ साली लक्ष्मण विठू आणि देऊबाई पाटील यांनी उभारलेले ते लहानसे देऊळ आज नव्या शिखराखाली झाकले गेले आहे. आतली मूर्ती तीच, उजव्या सोंडेची. दर्शन झाल्यावर आत्या प्राकारात टेकली. मी विचारले, ‘देवळांच्या खालून गेलीस, मनाला काही वाटले का?’ तिने माझ्याकडे, न्यायालयात अडाणी प्रश्न विचारणाऱ्या वकिलाकडे पाहावे तसे पाहिले. म्हणाली, ‘अरे, पालखीखालून नाही का जात आपण? देव वर, आपण खाली. आणखी काय?’

आतशबेहरामच्या याचिकेतील युक्तिवाद मी तिला सांगून पाहिले. तिने ते शांतपणे ऐकून घेतले. त्यांचा अग्नी आहे, त्यांना कळेल, म्हणाली. त्यांना तसे वाटत असेल तर ऐकायला हवे होते. मग ऐकलेच की, मी म्हटले, काही महिने काम थांबवून ऐकले. तिने मान डोलावली.

परतीच्या गाडीत तिने ‘वयर कोण’ विचारले नाही. तिला डुलकी लागली होती. गिरगावला बाहेर पडताना दारावरच्या यंत्राला दाखवून झालेले कागदी तिकीट मी टाकून देणार होतो. तिने ते माझ्या हातातून घेतले आणि घरी गेल्यावर अंगाऱ्याच्या पुडीबरोबर देव्हाऱ्याच्या खणात ठेवून दिले.